साध्या पाण्यातले कांदे

माझ्या लेकीला पेशीच्या आतल्या सांगाड्याचं वेड लागलं आणि ते मी लावलेलं नाही, हे मला अजून पचलेलं नाही. मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. पेशीचं प्रकरण इतकी वर्षं शिकवलंय की मला कोणी झोपेतून उठवलं तरी मी ते मधूनच सांगायला लागेन. माझी मुलगी माझ्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसून ते शिकली. म्हणजे शिकली नाही, बाहेर पाहत बसली. घरी आल्यावर मी बोलले तर म्हणायची, "आई, तू नुसतं वाचून दाखवते." मी वाचून दाखवत नव्हते. तक्ता लावून, रंगीत खडूने आकृती काढून शिकवत होते, आणि ती आकृती मागच्या बाकापर्यंत दिसायची.

मग ती एम.एस्सी.साठी अकोल्याच्या एका कॉलेजात गेली, आणि पहिल्याच सत्रात एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी मेथी निवडत होते.

"आई, तुले माहीत हाय का, पेशीले आतून सांगाडा असते?"

"मले माहीत नसन तर कोणाले माहीत असन?"

"तसा नाही वं. आपल्या हाडासारखा एकदा बनला अन् झालं, असा नाही तो. तो बनत राहाते अन् मोडत राहाते. आमच्या मॅडमनं आज वर्गात तूर आणली होती."

त्या मॅडमने म्हणे प्रत्येकाच्या तळहातावर तुरीचे दाणे ठेवले, अख्खे, न भरडलेले. एका दाण्यात दोन डाळी चिकटून असतात ना, तशी ट्यूबुलिन नावाच्या प्रथिनाची जोडी असते, अल्फा आणि बीटा. या जोड्या पेशीत सुट्या फिरत असतात. वेळ आली की एकीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी अशा चढत जातात आणि त्यांचा धागा होतो. असे साधारण तेरा धागे एकमेकांना खेटून गोल उभे राहिले की आतून पोकळ नळी तयार होते. येणारी प्रत्येक जोडी आपल्याजवळ ऊर्जेची पुडी घेऊन येते. टोकावरच्या जोड्यांची पुडी शाबूत आहे तोवर नळी वाढते. ती संपली की नळी टोकापासून उसवत जाते आणि जोड्या पुन्हा सुट्या होतात. त्याच जोड्या मग दुसरीकडे दुसरी नळी उभी करतात. या नळ्या म्हणजे पेशीचा सांगाडा. आणि हे सगळं करून घ्यायला कोणी मुकादम लागत नाही.

लेकीने हे एका दमात सांगितलं. यातलं मला ठाऊक नव्हतं असं काही नव्हतं. पण तिच्या आवाजात जे होतं ते माझ्या वर्गात कधी आलं नव्हतं.

"उपमा चुकली तुह्या मॅडमची," मी म्हणाले. "तुरीच्या दोन्ही डाळी सारख्याच असतात. अल्फा अन् बीटा सारखे दिसते, पण सारखे नाहीत. अन् दाण्याले वरखाली काही नसते. नळीले असते, दोन टोकं वेगळी असतात तिची."

ती हसली. "मॅडमनं हेच इचारलं शेवटी. म्हणे, आता तुरीत काय काय चुकते ते तुमी सांगा."

मी मेथीची पानं कचऱ्यात टाकली आणि देठं भाजीच्या भांड्यात. तूर माझ्या घरात रोज शिजते. इतक्या वर्षांत मला ती वर्गात न्यावीशी का वाटली नाही, या विचाराने त्या रात्रीचं वरणसुद्धा मला गोड लागलं नाही.

त्यानंतर "मॅडम म्हणतात" सुरू झालं. मॅडम म्हणतात, सकाळी कोवळ्या उन्हात काढलेली मुळं स्लाइडला चांगली. मॅडम म्हणतात, एखादी गोष्ट कळली नाही तर ती हाताने करून पाहायची. मॅडम म्हणतात, चहात साखर कमी घे. मी जन्मभर साखर कमी घे म्हणून ओरडले, तेव्हा कोणी ऐकलं नाही. मॅडम म्हणाल्या आणि पोरगी बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. सुट्टीत घरी आली की कपात डोकावून म्हणायची, "आई, गोड केला नाही ना?" तेव्हा मला वाटायचं, साखरेचा अख्खा डबा त्या कपात उपडा करावा.

एकदा परीक्षा घ्यायला म्हणून मॅडम अमरावतीला आल्या आणि लेक त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आली. मी पातोडीचा रस्सा केला, वडाभात केला. दाखवून द्यायचंच होतं, म्हणून हात राखला नाही. मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. मी मनात कोणीतरी तरुण, चटपटीत बाई धरली होती. तिच्यावर जळणं सोपं गेलं असतं. या तर गुडघे धरून बसणाऱ्या, चष्मा शोधत राहणाऱ्या, सुती साडीतल्या बाई. अकोल्याच्या जुन्या डाळव्यापारी मुसलमान घरातल्या. यावरून कोणी काही अर्थ काढू नये. त्या माझ्या सख्ख्या मामेबहीण असत्या तरी मी इतकीच जळले असते, कदाचित जास्त.

"ताई, रस्सा एक नंबर," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी असा जमत नाही. मसाला काळा पडते."

त्यांनी मागायच्या आत माझ्या लेकीने लिंबाची फोड त्यांच्या ताटात ठेवली. त्यांना रश्श्यावर लिंबू लागतं, हे तिला माहीत होतं. मलाही लागतं. मी उठून माझी फोड माझी मीच घेतली.

नवऱ्याने, म्हणजे ज्या माणसाने माझ्या विषयातला एक प्रश्न मला आजवर विचारला नव्हता त्याने, जेवता जेवता विचारलं, "मॅडम, हा सांगाडा रोज मोडायचा कशाला? बांधला तर राहू द्यावा."

"भाऊ, पेशीले दोन व्हायचं असते ना," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा ती पहिलेच्या नळ्या मोडते, अन् त्याच मालातून दुसऱ्याच नळ्या उभ्या करते, गुणसूत्रं दोन बाजूले ओढाले. मंडपवाला नाही का, कालच्या लग्नाचे बांबू आज तेरवीले लावते. बांबू तेच. मंडप वेगळा."

नवरा खो खो हसला. लेक तर त्यांच्याकडे अशी पाहत होती की तिच्या ताटातला भात गार झाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उगाचच एक धुतलेली कढई पुन्हा धुतली. पोटात दुखणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी नीट कळलं. बाई चांगली होती, हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर लेकीला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या.

जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, तुमची पोरगी माझ्याकडेच पीएच.डी. करन. मी तिले सोडत नाही." त्यांनी ते प्रेमाने म्हटलं. मला मात्र दारातून कोणी काही उचलून नेतंय असं वाटलं.

कारण माझा बेत वेगळा होता. आमच्या कॉलेजात जूनपासून तासिका तत्त्वावर एक जागा निघणार होती आणि प्राचार्यांशी मी बोलून ठेवलं होतं. लेक घरी येईल, माझ्याच विभागात शिकवेल, सकाळी आम्ही दोघी एकाच स्कूटीवर जाऊ, संध्याकाळी एकत्र परत येऊ, आणि वर्गात काय झालं ते ती मला सांगेल. मला. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ते फार हवं होतं. ती घरी येणार की त्या बाईकडे राहणार, एवढीच माझ्या त्या वर्षाची काळजी होती.

आता सगळं तिच्या प्रबंधावर होतं. कपाशीवर फवारतात त्यातल्या एका औषधाचा पेशीच्या सांगाड्यावर काय परिणाम होतो, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी कपाशी लागत नाही, कांदा लागतो. पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर कांदा असा बसवायचा की त्याचं बूड नुसतं पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्या मुळांच्या टोकाला पेशी सतत दोन होत असतात. टोक कापायचं, रंगवायचं, काचेवर ठेवायचं आणि वरून दुसरी पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. काही कांदे औषधाच्या पाण्यात, काही साध्या पाण्यात. साध्या पाण्यातले कांदे निरोगी निघाले तरच औषधाबद्दल काही बोलता येतं. स्लाइडी चांगल्या निघाल्या, सादरीकरण झालं, की पीएच.डी.ची जागा तिचीच होती. निघाल्या नाहीत तर मॅडमना हट्ट धरता येणार नव्हता.

मार्चमध्ये तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आई, साध्या पाण्यातलेही बिघडलेले दिसून राहिले."

"पुन्हा लाव."

"लावले वं. तीनदा लावले. औषधातले बिघडलेले, साध्या पाण्यातलेही तसेच. काही फरकच नाही दोघांत. मॅडम म्हणतात, पुन्हा कर. पण मले नाही वाटत माह्या हाताले हे येईन." मग म्हणाली, "तुह्या कॉलेजातली जागा हाय ना अजून? मी येते घरी."

"ये," मी म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की मलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. फोन ठेवून मी तिच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, जाळी काढली, कपाटातले माझे शालू तिथून हलवले. नवरा म्हणाला, "पोरगी रडत होती ना फोनवर?" मी म्हणाले, "घरी आली की हसेल." त्या आठवड्यात मी वर्गातही कोणावर ओरडले नाही. पोरांना वाटलं असेल, बाईंना बरं नाही.

शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मी तिला आणायला निघाले. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी मनात तिची खोलीच लावत होते. टेबल खिडकीशी ठेवायचं की भिंतीशी, यावर मी बराच विचार केला. अकोल्याला उतरले तेव्हा ऊन कडक झालं होतं आणि रिक्षावाल्याशी भांडतानाही माझा मूड चांगला होता.

लेक प्रयोगशाळेत होती. मॅडमना सांगून, किल्ली देऊन निघायचं असं ठरलं होतं, आणि मॅडम कुठल्याशा मीटिंगमध्ये होत्या. ती एका कोपऱ्यात काचा धूत उभी होती. डोळे सुजलेले. दोन-चार विद्यार्थी आपापल्या कामात होते. भिंतीशी मोठा कूलर घरघरत होता. मला बसायला दिलेली जागा मायक्रोस्कोपसमोरची होती आणि त्याखाली तिची स्लाइड लागलेली होती. डोळा लावला तो निव्वळ सवयीने.

मी आयुष्यात मुलांच्या किती स्लाइडी पाहिल्या असतील त्याला हिशोब नाही. एकावर एक चढलेल्या पेशी, मध्ये बुडबुडे, रंगाची डबकी. ही स्लाइड तशी नव्हती. एक पेशी दुसरीवर नाही. सगळ्या एका थरात, रंग स्वच्छ, कडा स्पष्ट. एवढा एकसारखा दाब माझ्या स्वतःच्या अंगठ्याला कधी जमला नाही. मी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती पाठमोरी होती.

"ही कशातली?"

"साध्या पाण्यातली."

मी पुन्हा डोळा लावला. त्या रंगात नळ्या दिसत नाहीत. दिसतात ती गुणसूत्रं, आणि ती कशी उभी आहेत यावरून नळ्या आहेत की नाहीत ते कळतं. नळ्या असतील तर गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांग धरतात, मग दोन बाजूंना ओढली जातात. इथे रांगच नव्हती. आखूड, जाड होऊन ती पेशीभर विखुरली होती, आणि ओढली जाणारी एकही पेशी मला सापडली नाही. हाताच्या चुकीने असं होत नाही. वाईट हाताने पेशी फाटतात, चिरडतात, पण इथे तर दोन व्हायला निघालेली एकूण एक पेशी एकाच पायरीवर अडकली होती. म्हणजे ट्यूबुलिनच्या जोड्या पेशीत होत्या, पण त्यांना एकमेकींवर चढू न देणारं काहीतरी आत शिरलं होतं. ते पाणी साधं नव्हतं.

"कांदे कुठी ठेवता तुमी?"

"त्या कपाटात." तिने ओल्या हाताने कूलरशेजारचं लोखंडी कपाट दाखवलं. "बाहेर लय गरम होते, मुळंच धरत नाहीत. मॅडम म्हणाल्या, ते कपाट थंड राहाते, खालच्या खणात ठेव."

मी उठले आणि कपाट उघडलं. वास नाकात असा शिरला की डोळ्यांत पाणी आलं. वरच्या खणांत वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे होते, आणि कागद किडे खाऊ नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. आमच्याही विभागात असतात, वनस्पतीशास्त्राच्या कुठल्याही विभागात असतात. आणि खालच्या खणात, त्याच बंद हवेत, माझ्या लेकीचे कांदे ओळीने बाटल्यांवर बसले होते.

आमच्या शिकायच्या काळी पेशी अडकवायचं महागडं रसायन मिळायचं नाही. तेव्हा याच जातीच्या गोळ्यांचं पाणी करून आम्ही मुद्दाम मुळं त्यात ठेवायचो, नळ्या बनू नयेत म्हणून. इथे मुद्दाम न ठेवता तेच झालं होतं. हे मॅडमना माहीत नसणार असं नाही. पण त्या वासात वर्षानुवर्षं वावरणाऱ्या माणसाला तो वास येईनासा होतो.

"कशाचा वास येते इथे?" मी लेकीला विचारलं.

तिने नाक वर केलं. "कायचा? काही नाही येत."

मी कपाट लावलं आणि जागेवर येऊन बसले. ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला माहीत होती. तासाभरात आमची गाडी होती. गप्प बसलं तर लेक घरी येणार होती, माझ्या विभागात, माझ्या स्कूटीवर. बोललं तर ती इथेच राहणार होती, त्या बाईजवळ, आणखी चार-पाच वर्षं आणि कदाचित कायमची. मी गप्प बसले. पर्समधून रुमाल काढला, घाम पुसला, रुमाल घडी घालून परत ठेवला.

तेवढ्यात मॅडम आल्या. मला पाहून त्यांनी हात जोडले, चहा सांगितला, आणि लेकीजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, दिल छोटा नको करू," त्या म्हणाल्या. "सगळ्याचाच हात या कामाले बनलेला नसते. त्यात काही कमीपणा नाही. तू शिकवशीन चांगलं, मले माहीत हाय."

लेकीने मान हलवली. ती स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होती. रंगाने नखाच्या कडा लाल झाल्या होत्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके महिने मी या बाईवर जळले ते तिच्या चांगलेपणामुळे, आणि आज पहिल्यांदा ती चुकीचं बोलली तेही माझ्या पोरीच्या हाताबद्दल.

"हाताले काही झालं नाही तिच्या!" मी इतक्या जोरात बोलले की कोपऱ्यातला विद्यार्थी दचकला. "असा हात तुमच्या अख्ख्या कॉलेजात दाखवा मले. ते कपाट उघडा तुमचं. अन् सांगा, कांदे कुठी ठेवतात का असे?"

मॅडम कपाटाशी गेल्या. दार उघडून एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. "मले तर काही..." म्हणता म्हणता त्यांची नजर वरच्या खणाच्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी एक गोळी उचलली, चष्म्याजवळ धरली, मग खालच्या कांद्यांकडे पाहिलं. आणि त्या जवळच्या स्टुलावर बसल्या.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "मीच ठेवाले लावले इथे."

मी तयारीत होते. आता त्या सारवासारव करतील, असंच व्हायचं कारण नाही म्हणतील, आणि मी एकेक मुद्दा खोडून काढीन. त्यांनी तसं काही केलं नाही. खोलीतल्या सगळ्या मुलांना जवळ बोलावलं, गोळी सगळ्यांच्या हातात फिरवली आणि म्हणाल्या, "पाहून घ्या. हिची एकूण एक स्लाइड बरोबर होती. चूक माही होती, अन् स्लाइड नीट न पाहता मी आता हिच्या हातावर ढकलून राहिली होती. ताईंनी पकडली." मग लेकीचा तो लाल अंगठा दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "माफ कर बेटा." त्यांचे डोळे भरले होते, लेकीचेही भरले. मी तिथे उभी होते आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

चहा आला. मी तो उभ्याउभ्या प्यायले. मुलांनी कांद्यांच्या बाटल्या उचलून नव्या जागी, खिडकीशी ओल्या पोत्याच्या आडोशाला नेल्या. लेक त्यांना इकडे ठेवा, तिकडे ठेवा म्हणत होती आणि तिच्या आवाजाला पुन्हा धार आली होती.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. "आई, पाह्यलं का? कशा सगळ्यासमोर म्हणाल्या, चूक माही! दुसरं कोणी असतं तर लपवलं असतं."

"पाह्यलं," मी म्हणाले.

"मी थांबते मंग. आजच नवीन कांदे लावते. सादरीकरणाले वेळ हाय अजून."

"थांब."

तिने मला मिठी मारली. मनापासून मारली, पण एक डोळा प्रयोगशाळेच्या खिडकीकडे होता. मी एकटी परत आले. घरी नवऱ्याने विचारलं, "कुठाय पोरगी?" मी म्हणाले, "कांदे लावून राहिली," आणि गादी घडी करून ठेवली. सोमवारी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की जागेसाठी दुसरं कोणी पाहा. ते म्हणाले, "अरे वा, पीएच.डी. करणार? अभिनंदन!" मी थँक्यू म्हणाले. वर्गात गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघांना बाहेर काढलं.

आठवड्याने दुपारी तिचा फोन आला.

"आई, व्हॉट्सॲप पाह्य."

फोटोत एकच पेशी होती. गुणसूत्रांचे दोन झुबके पेशीच्या दोन टोकांकडे निघालेले, मागे शेपट्या लोंबत. मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत न दिसणाऱ्या नळ्या बनल्या होत्या आणि आपलं काम करत होत्या. बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"साध्या पाण्यातली?"

"साध्या पाण्यातली." मग ती म्हणाली, "तुले माहीत होतं ना, हे जमलं तर मी इकडेच राहीन?"

"होतं."

"मंग काहून सांगतलं वं?"

"तुह्या हाताले नाव ठेवलं तिनं."

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "आई, हा फोटो अजून कोणालेच दाखवला नाही मी. पहिले तुले पाठवला."

मी फोन कानाला लावून तिथेच पलंगावर बसले. इतक्या महिन्यांत मला एवढंच तर हवं होतं. छाती भरून आली. तिथेच थांबायला हवं होतं, पण मी माझी मीच.

"तुह्या मॅडमलेही नाही?"

"नाही ना. त्याच म्हणाल्या होत्या, चांगली निघाली की पहिले आईले पाठव, मंग मले."

म्हणजे हेही त्या बाईनेच दिलेलं होतं. मी डोळे मिटून घेतले. तिथे अकोल्यात ती बाई गुडघे धरून, चष्मा कपाळावर चढवून, मांडीवर फोन ठेवून बसलेली मला स्पष्ट दिसली. पोरीचा फोन कधी वाजेल म्हणून तसं बसणं मला चांगलं ठाऊक आहे.

"मंग पाठव तिले आता," मी म्हणाले. "वाट पाहून राहिली असन."